वहीतला प्रोग्राम

होल्गीन शहरात तीन दिवस वीज नव्हती. पावाच्या रांगेत एनेइदाबाईंच्या पुढे शाळेतले प्रोग्रामिंगचे सर उभे होते. शेजारी उभ्या त्यांच्या विद्यार्थिनीने, युदेर्मिसने, वहीत लिहून आणलेला प्रोग्राम ते स्वतःच कॉम्प्युटर होऊन चालवत होते. बाईंनी कान टवकारले.

“लवकर चालवा सर, कॉम्प्युटर म्हातारा झाला वाटतं!” युदेर्मिस म्हणाली.

“उपाशी आहे गं. हं... ‘बाबांचा फोन आला? नाही. एक दिवस थांब. पुन्हा विचार.’ अगं, हे थांबणार कधी?”

“फोन आला की.”

“आणि नाहीच आला तर? जास्तीत जास्त किती वेळा विचारायचं, तो आकडा घाल.”

“किती घालू?”

“बाबा बोटीने देश सोडून गेले, त्याला किती दिवस झाले?”

“एकशे बारा.”

सरांनी पेन्सिल काढली, पुन्हा खिशात ठेवली.

“राहू दे. तसंही वीज कुठे आहे?”