पाळणा, कोट आणि पंधरा किलो

हसताय काय? पंखा वाढवा आधी! अंगात दोन स्वेटर, वर हा जाडजूड कोट, डोक्याला कानटोपी... आणि बाहेर ऊन असं, की कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. तुम्हाला सांगतो, थंडी तिकडे आणि घाम मला इथं!

वेड नाही लागलेलं मला. परवा विमानानं लेकीकडे जायचंय. आपण इथं दक्षिणेला, बारा महिने उकडून निघतो. ती पार उत्तरेला, जिथं म्हणे नळातलं पाणी गोठतं. तिला मुलगी झाली. आता मी सुतार माणूस. बेचाळीस वर्षं अख्ख्या गल्लीचे पाळणे केले, पण हीच लेक झाली तेव्हा गिऱ्हाइकांची कामं एवढी, की पोर सहा महिने साबणाच्या खोक्यात झोपली. खोक्यात! सुताराची पोर! आमची ही अजून ऐकवते. म्हणून नातीचा पाळणा मीच नेणार. सागवानी, एक खिळा नाही त्यात!

तर तिकीटवाली बाई गोड गोड आवाजात म्हणते, "आजोबा, माणशी सामान पंधरा किलो हं." म्हटलं बाई, पाळणा सुटा करून बारा किलो, हत्यारं तीन. झाले पंधरा! "आणि कपडे?" ...आता कपड्यांचं काय सांगू? हिच्या बॅगेत बाळाची दुपटी अशी कोंबलीत, की माझ्या रुमालाला जागा नाही.

जावयांना विचारलं, तर ते आपले मऊ मऊ, "बाबा, कशाला त्रास? इथे दुकानात तयार मिळतात हो, प्लास्टिकचे, हलके, गाणीसुद्धा वाजतात." गाणी! पाळणा आहे की बँडबाजा? फोनच ठेवला मी!

"मग हत्यारं तरी ठेवा घरी," ही म्हणाली. अगं बाई, इथल्या दमट हवेत लाकूड फुगतं, तिकडं कोरड्या हवेत आक्रसणार, सांधे खुळखुळणार, मग काय दातानं घट्ट करू? तर कमरेवर हात ठेवून म्हणते, "लाकडाच्या तब्येतीची एवढी काळजी! तुमचे सांधे कोण बघणार?"

मग मीच डोकं चालवलं. चौथी शिकलोय, पण डोकं आहे. अंगावरचं कोण तोलतं? सगळं घालूनच विमानात बसायचं! आज दुपारी तालीम केली. एकावर एक चढवलं, कोटाची चेन खस्सकन गळ्यापर्यंत ओढली, आरशासमोर उभा राहिलो. शेजारचा इलेक्ट्रिशियन दारातनं डोकावला, "काका, ताप आलाय का?" म्हटलं नाही रे बाबा, थंडी तिकडे आणि घाम मला इथं!

फुशारकीनं लेकीला फोन लावला, म्हटलं, बघ तुझा बाप, सगळी सोय केली. तर खो खो हसत म्हणते, "अहो बाबा, घरात हीटर असतो! आम्ही घरात साध्या सुती कपड्यांत वावरतो." घ्या! म्हणजे तिथंही घामच!

मग हसू आवरून म्हणाली, "यांनी दुकानातला आणला होता, मी परत पाठवला. तुमचा येईपर्यंत बाळ खोक्यात झोपतंय... मी नव्हते का झोपत?"

कानटोपीतनं डोळ्यांत घाम गेला माझ्या. घामच होता. हसू नका म्हटलं ना!

"ऐकलंत ना?" ही म्हणाली, "काढा आता तो कोट, जीव घाबरा होतोय बघून."

काढतो ना! कोण नाही म्हणतंय? चेन अडकलीय! साबण लावून झाला, मेणबत्ती घासून झाली, इलेक्ट्रिशियन पक्कड घेऊन लोंबकळला... हलेल तर शपथ! ही कात्री घेऊन आली. म्हटलं खबरदार! कापलास तर तिकडं विमानातनं उतरल्यावर काय दुपटं गुंडाळू?

तेव्हा बसलोय असाच. थंडी तिकडे आणि घाम मला इथं... विमान परवा सकाळी आहे. तोवर पंखा तेवढा बंद करू नका.