बारा ग्लास, एक नाक

बायको : पाय टेकत नाहीत माझे. ही स्टुलं माणसांसाठी केलीत की पोपटांसाठी?

नवरा : हळू बोल. मालकीण तिथेच काउंटरवर उभी आहे.

बायको : मग तिलाच विचारते. आणि भिंतीला गिलावा करायचा राहिलाय का? सगळ्या विटा दिसताहेत.

नवरा : मुद्दाम ठेवतात तसं. उच्चभ्रू जागा आहे ही.

बायको : दिव्याला शेड नाही, भिंतीला गिलावा नाही, स्टुलाला पाठ नाही. आपल्या गल्लीच्या तोंडाशी इतकं दरिद्री काहीतरी उघडलंय आणि लोक गाड्यांतून उतरून आत येतात. धन्य आहे.

नवरा : तुला मी ये म्हटलं नव्हतं. तूच म्हणालीस, एकदा आतून बघायचंय. आता बघ आणि गप्प बस. मला या बारा बिअर चाखून त्यातल्या सहा निवडायच्यात. जमलं तर आठवड्यातून दोन दुपारी इथे काम.

बायको : बसते की गप्प. हे काम मिळावं अशी तुमच्यापेक्षा माझी गरज आहे. रिटायर झाल्यापासून माझ्या डब्यांची झाकणं एकमेकांना लावून ठेवता तुम्ही. हे कार्ड वाचलंत? 'ओल्या रानाची आठवण, संत्र्याच्या सालीचा खोडकरपणा आणि शेवटी एक हळवा कडवटपणा.' ही बिअर आहे की आपल्या भाचीचं प्रेमपत्र?

नवरा : असं लिहिणाऱ्यानं ती चाखलेली नसते. बिअरच्या कारखान्यात मी दोनच शब्द लिहायचो. 'पाठवा' किंवा 'परत'. एकतीस वर्षं माझ्या सहीशिवाय एका टाकीचा नळ उघडला नाही.

बायको : ठाऊक आहे. घरी यायच्या त्या बाटल्यांनी मी केस धुवायचे. बरे होते तेव्हा केस. पाणी कधीचं मागितलंय, कोणी आणत नाही. यातला घेऊ का एक घोट? घसा कोरडा पडलाय.

नवरा : चौथा घे. तो झालाय माझा.

बायको : शी. अहो, हे नासलंय.

नवरा : बिअर अशीच लागते. तुला सवय नाही.

बायको : बिअरमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण नासलेलं कळतं. लग्न झाल्यापासून फ्रिज माझ्या ताब्यात आहे. रात्रभर ओट्यावर पडलेल्या ओल्या फडक्याचा वास येतोय याला. तुम्ही काय लिहिलंत? दाखवा कागद.

नवरा : राहू दे ना.

बायको : 'चौथी, उत्तम.' तिसरीही उत्तम. दुसरीही. तुम्ही बरे आहात ना? आपल्या लग्नाच्या फोटोंना तुम्ही 'चालतील' म्हणाला होतात. हा घ्या, नाकाशी धरा आणि मला सांगा.

नवरा : नाही येत.

बायको : काय नाही येत?

नवरा : वास. कशाचाच. तो मोठा ताप आला होता ना मला, त्यात गेला. आंबट, कडू, खारट एवढं जिभेला कळतं. बाकी सगळा ओला कापूस.

बायको : त्याला आठ महिने झाले.

नवरा : हो.

बायको : आणि मला नाही सांगितलंत.

नवरा : वाटलं, येईल परत. डॉक्टर म्हणाले, येतो कधी कधी. मग सांगायचं राहिलं. मग इतके दिवस झाले की सांगायची लाज वाटायला लागली.

बायको : थांबा. म्हणजे आठ महिने माझ्या भाजीला छान म्हणताय, ते?

नवरा : अगं, मालकीण बघतेय इकडे.

बायको : बघू दे. इतकी वर्षं मीठ कमी, फोडणी कच्ची, मसाला जुना. लग्नानंतर पहिल्या जेवणाला तुम्ही म्हणालात, प्रयत्न दिसतोय. प्रयत्न! आणि आठ महिन्यांपूर्वी एका रात्री अचानक, आज भाजी फार छान झालीय. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले होते. माझ्या बहिणीला फोन करून सांगितलं, बाई गं, रिटायर झाल्यावर माणूस सुधारतो. आणि माणूस सुधारला नव्हता. माणसाचं नाक गेलं होतं.

नवरा : चुकलं माझं.

बायको : गेल्या महिन्यात रस्सा करपला होता, तुम्ही दोनदा वाढून घेतलात. मला वाटलं, माझं मन राखताय. रात्रभर मला तुमच्याबद्दल इतकं बरं वाटत होतं. परत द्या मला ती रात्र.

नवरा : तिला जाऊन सांगतो, जमणार नाही. चल घरी.

बायको : उतरू नका. बसा. इथे आलातच कशाला मग? नाक नसताना?

नवरा : ती घरी शोधत आली, काका, तुमचं नाव ऐकलंय म्हणाली. मला नाही म्हणवेना. कारखान्यात मला नावानं कुणी हाक मारली नाही कधी. सगळे जीभ म्हणायचे. जिभेला विचारा, जिभेला बोलवा. तेच गेलं, तर मी दुपारी उठून कुठे जाऊ? तुझे डबे तरी किती वेळा उघडू?

बायको : कागद इकडे आणा. पेन तुमच्याकडे ठेवा. पहिला ग्लास द्या.

नवरा : काय करतेस?

बायको : चिडलेय मी. पण तुम्हाला चारचौघांत तोंडघशी पाडायचा हक्क माझा आहे, या बारा ग्लासांचा नाही. हं. ही बरी आहे. हलकी. पावाचा वास आहे, नुकत्या भाजलेल्या.

नवरा : म्हणजे धान्य ताजं आहे. पाठवा. दुसरी? थोडी तोंडात फिरव, मग गिळ.

बायको : भिजलेला पुठ्ठा.

नवरा : जुनं पिंप. हवा लागलीय तिला. परत.

बायको : तिसरी. लोणी आहे का हिच्यात? तुपकट लागतेय.

नवरा : नाही. घाईघाईत थंड केली की असं होतं, अजून चार दिवस टाकीत राहायला हवी होती. परत. आमच्याकडे एक नवा साहेब आला होता, त्याला मी हे सांगितलं तर म्हणाला, लोकांना लोणी आवडतं.

बायको : आणि ही चौथी, फडकं.

नवरा : फडकं म्हणजे पिंपापासून नळापर्यंतची नळी धुतलेली नाही. बिअरचा दोष नाही, इथल्या लोकांचा आहे. मी उत्तम लिहिलं होतं. एकतीस वर्षांत इतकं खोटं मी लिहिलं नव्हतं.

बायको : खोडा ते. आणि अक्षर नीट काढा, ती येतेय.

मालकीण : काका, कुठवर आलं? अरे वा, काकूही चाखताहेत. मी तिथून बघत होते. गेली दहा मिनिटं तुम्ही ग्लास तोंडाला लावलेला नाही.

नवरा : ते, हो.

मालकीण : बघू? पहिली, पाठवा. दुसरी, पिंप जुनं. खरं आहे, ते महिन्यापूर्वीचं. चौथी... काका, इथेही आधी 'उत्तम' होतं, ते खोडलंय. ही नळी धुतली नाही म्हणून काल माझं इथल्या कामाच्या पोरांशी भांडण झालं. तुम्ही आधी उत्तम का लिहिलं होतं?

बायको : त्यांचा हात घसरला.

नवरा : नाही. हात नाही घसरला. मला वास येत नाही, ताई. आठ महिने झाले. वास हिनं घेतला. तिनं सांगायचं, मी त्याचा अर्थ लावायचा, असं केलं आम्ही. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. दुसरा माणूस शोधा.

मालकीण : काकू, तुम्ही कुठे शिकलात हे?

बायको : ओट्यासमोर.

मालकीण : मला सगळेजण संत्र्याची साल नि ओलं रान सांगतात. नळी धुवा असं कुणी सांगत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी. पण दोघांनी यायचं. काका एकटे चालणार नाहीत.

बायको : मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही जरा जाता का, बाई? मला यांच्याशी बोलायचंय. आणि पाणी पाठवा, अर्धा तास मागतेय.

नवरा : नाही म्हण हवं तर. मी समजेन.

बायको : आधी एका गोष्टीचं उत्तर द्या. आठ महिने रोज रात्री छान म्हणत नव्हतात तुम्ही. कधी कधी गप्प जेवून उठायचात. ज्या दिवशी गप्प होतात, त्या दिवशी खरंच बिघडलेलं असायचं. मी मनात म्हणायचे, माणसाला कळतं हो. वास येत नव्हता तर कळायचं कसं?

नवरा : तुझ्याकडे बघून.

बायको : म्हणजे?

नवरा : तू पहिला घास घेतलास की तुझ्या चेहऱ्यावर दिसतं. चांगलं झालं असलं तर तू एकदाच डोळे मिटतेस, जरासे. बिघडलं असलं तर पाण्याचा तांब्या उगाच सरकवतेस. मी थांबायचो, तुझा घास बघायचो, आणि मग बोलायचो.

बायको : आणि त्या करपलेल्या रश्शाला?

नवरा : त्या दिवशी तू रडून आली होतीस स्वयंपाकघरातून. चेहरा वाचता आला नाही. म्हणून दोनदा घेतला.

बायको : इतकी वर्षं कधी बघितलं होतंत?

नवरा : नाही. तेव्हा मी ताटात बघून जेवायचो.

बायको : पाचवा ग्लास द्या.

नवरा : हं. काय लागतंय?

बायको : मी नाही सांगत. इकडे बघा.