पंपाची ओळ

सॉल्ट लेकच्या बसच्या रांगेत, बंगाली गर्दीत, माझ्यापुढे चक्क मराठी चाललं होतं. मी निर्लज्जपणे ऐकलं.

"नूपुर, फिटरची अप्रेंटिसशिप तुला हवीय की बाबांना? बायोडाटात पहिलंच 'वडील बँकेत मॅनेजर' कशाला?"

"आई म्हणाली, छाप पडते, श्यामकाका."

"खोड ते. सोसायटीचा पंप कोण दुरुस्त करतं?"

"मीच. पण ते घरचंच काम."

"डमडमची चाळीस घरं त्यावर पाणी पितात. तेच वर लिही. बेअरिंग बदललंस, तेही लिही."

"लिहिलं. काका, पाच ठिकाणी दिला हा कागद. नीट वाचणारे तुम्हीच पहिले."

"रडू नकोस, शाई पसरेल. अर्जाची आज शेवटची तारीख आहे. चढ, बस आली."