पिंकीचा पहिला नंबर

आमच्या पिंकीचं सांगतो तुमाले. जिम्नॅस्टिकमधी अख्ख्या तालुक्यातून एकटीच पोरगी, म्हणून पहिली आली. मंग यवतमाळले जिल्ह्याची स्पर्धा झाली, तिथंबी एकटीच, पुन्हा पहिली! आमच्या बोरी अरब गावात लोकायनं हारतुरे केले, अन् पोरगी तोंड पाडून बसली.

म्या म्हटलं, "काहून वं, रुसली कायले?"

"एकटीनं कायचं जिंकणं, बाबा?"

पुढं विभागाच्या स्पर्धेले अमरावतीले गेलतो. तिथं आठ पोरी होत्या. पिंकी बीमच्या अरुंद दांडीवरून दोनदा धपकन खाली पडली, सातवी आली. मले वाटलं, आता रडते. समजूत घालाले उठलो, तं पोरगी नाचतच आली.

"बाबा, माह्या मांगं एक पोरगी हाय!"