कुणी विचारू नये म्हणून

दातांच्या दवाखान्यात शिक्षिकाबाई कानांत इअरफोनची वायर घालून बसल्या होत्या. शेजारी मायलेकी.

“आई, माझं ठरलेलं लग्न मोडलं, हे तू ग्रुपवर टाकलंस?”

“छे गं! ‘मोडलेल्या लग्नाबद्दल तिला कुणी विचारू नका,’ एवढंच लिहिलं.”

“किती जणांना?”

“सगळ्यांना. त्रेचाळीस.”

“त्यांतल्या कितींना आधी माहीत होतं?”

“कुणालाच नाही. मी काय गावभर सांगत फिरते?”

“अगं, पण मग...”

“आला एकाचा तरी फोन तुला?”

“नाही.”

“बघ! सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लावलं मी. तरी ही रडतेच!” आई गोंधळून वळली. “बाई, तुम्ही ऐकलंतच सगळं. माझं काय चुकलं हो?”

बाईंनी कानातली वायर काढली. तिचं दुसरं टोक कशालाच न जोडता पर्सबाहेर नुसतंच लोंबत होतं.

“काय म्हणालात?”