ओगले मास्तरांचं कॅनडाचं नाणं

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. चूक आपली, आणि ती टाकली दुसऱ्याच्या पदरात — तर आपण स्वच्छ होतो का हो? मागं बसलेल्या मंडळींनी माना हलवल्या. कुठल्या बाजूला हलवल्या ते मला दिसलं नाही! असू दे. ऐका.

दापोलीला त्रिंबकराव ओगले म्हणून भूमितीचे मास्तर. निवृत्त झाले आणि सहा महिने मुलाकडे गेले — कॅनडाला! बरोबर पत्नी, शालिनीताई. बाहेर गुडघाभर बर्फ. मास्तरांनी करायचं काय? मुलानं एका रविवारी जुन्या बाजारात नेलं. तिथं मास्तरांनी एक नाणं घेतलं. शंभर वर्षांपूर्वीचा कॅनडाचा सेंट, म्हणजे तिथला तांब्याचा पैसा! चहासारखा तपकिरी. त्यावर राजाचा चेहरा, आणि मुकुटाच्या पट्टीत आठ मोती — बाजरीच्या दाण्याहून बारीक!

झालं! भिंग आणलं, पुस्तकं आणली, नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात नाव घातलं. तिथं नाण्यालाही गुण देतात बरं का. सत्तरपैकी! मोती झिजले की गुण उतरले. मास्तर सकाळी उठून देवाआधी मोती मोजायचे. शालिनीताई म्हणायच्या, "अहो, माझ्या नथीला मोती किती ते सांगा बघू!" मास्तर पुन्हा भिंगात!

आणि या छंदाचा पहिला नियम काय? नाणं घासायचं नाही! तो जुना रंग म्हणजे नाण्याचा खरेपणा. घासलं की गुण गेले. मास्तरांनी हा नियम घरात इतक्यांदा सांगितला, की नातवंडं आंघोळीला नाही म्हणायला लागली!

पुढं मंडळाचं प्रदर्शन ठरलं. आदल्या दिवशी मास्तरांनी दुसऱ्या एकाचा सेंट पाहिला. न घासताही लाल, लखलखीत, जणू आत्ताच टाकसाळीतून आलेला! मास्तर तडक घरी आले. दुपारी घरात कुणी नाही. चिंच घेतली, मीठ घेतलं — आणि घास, घास, घास! ज्ञान कुठं गेलं हो? मत्सर आला की ज्ञान मागच्या दारानं निघून जातं!

दुसऱ्या दिवशी परीक्षक आल्या, मार्गारेटबाई. वय ऐंशी, नजर घारीची. नाणं भिंगाखाली धरलं आणि म्हणाल्या, "हे घासलंय. याला गुण नाहीत."

शंभर माणसं बघतायत! मास्तरांना घाम फुटला. आणि तोंडातून काय निघालं? "काय करणार बाई! आमच्या हिनं घासलं. भांड्यांबरोबर!"

सगळे हसले. शालिनीताई शेजारीच उभ्या. इंग्रजी बेताचं, पण 'वाइफ' एवढं कळलं! मुलाला विचारलं, "काय म्हणाले रे?" मुलानं खाली मान घालून सांगितलं.

शालिनीताई रागावल्या नाहीत. पुढं झाल्या, नाणं उचललं, पालथं केलं. मागची बाजू — तशीच तपकिरी! म्हणाल्या, "बाळ, सांग त्यांना. बेचाळीस वर्षं भांडी घासतेय. मी घासलं असतं, तर दोन्ही बाजूंनी घासलं असतं!"

मुलानं इंग्रजीत सांगितलं आणि मार्गारेटबाई टेबल धरून हसल्या! म्हणाल्या, "हा पुरावा मला पुरतो."

मास्तर मात्र हसले नाहीत. बेचाळीस वर्षांत बायकोला इतकं ताठ उभं राहिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. सगळ्यांसमोर म्हणाले, "नाणं मी घासलं. खोटंही मीच बोललो." मग मराठीत, हळूच, "शालिनी, चुकलो गं."

ताई म्हणाल्या, "चिंच कुठली घेतलीत?"

"फडताळातली."

"ती दापोलीहून आणलेली होती! आता वसंतापर्यंत आमटी बिनचिंचेची खा!"

खाल्ली मंडळी! चार महिने खाल्ली, आणि एकदाही कुरकुरले नाहीत. नाणी अजून जमवतात. भिंग आता दोघं मिळून धरतात, आणि मोती ताईच मोजतात.

हसलात ना पोटभर? हसा. आता डोळे मिटा. आपली चूक आपण शेवटची कुणाच्या माथी मारली? घरातल्या? शेजाऱ्याच्या? त्या माणसाचा चेहरा आठवा...

बघा, सभामंडप कसा शांत झाला! म्हणजे आठवला. आता देवाला नंतर हात जोडा, आधी घरी जा — आणि त्या माणसापाशी बसा. बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!