पत्र्याखालचा तमाशा

जुन्नरच्या एसटी स्टँडवर सोनीबाईंच्या मागच्या बाकड्यावर तमाशातला सोंगाड्या रामनाथ आणि गावच्या जत्रा कमिटीचा गोरख यांची जुंपली होती. एसटीची वाट बघणाऱ्या सोनीबाईंनी नीट ऐकू यावं म्हणून पदर कानामागे सारला.

“पत्र्याच्या हॉलात नको, गोरखभाऊ. माझा एक शब्द चारदा घुमतोय. हसायचं कधी, तेच लोकांना कळत नाय.”

“भोंगे वाढवू.”

“मग आठदा घुमंल. मैदानातच कनात लावा, राव. गेल्या साली पार शेवटच्या माणसापतुर शब्द न् शब्द गेला व्हता.”

“त्याच्याबी पुढं गेला. सरपंच घरी जेवत व्हते.”

“मग?”

“हॉल त्यांनीच सुचवलाय. म्हणाले, रामनाथला यंदा माझ्यावर काय बोलायचं ते बोलू द्या, फक्त पत्र्याखाली.”